मागची सीट

“आई, हीच! डोळे झाकून हीच घे!” धाकटा ओरडला आणि लाल स्पोर्ट्स बाइकच्या मागच्या सीटवर टुणकन चढून बसला. सीट कसली, बशीएवढा तुकडा. शोरूममधली निम्मी माणसं वळून बघायला लागली.

पुढे बसलेल्या आईने हँडल धरलं. ते इतकं खाली की तिला पोटावर झोपल्यासारखं वाकावं लागलं. पण ती हसत होती. गेल्याच आठवड्यात ती निवृत्त झाली होती. उभा जन्म तिने शहरातली बस चालवली, आणि पुढून सुसाट जाणारी प्रत्येक मोटरसायकल बघून मनाशी म्हटलं, एक दिवस! दर वेळी काहीतरी आडवं आलं. पोरांच्या शाळा, घराचं छप्पर, सासूबाईंचा गुडघा. आज तो दिवस उजाडला होता, आणि सकाळपासून तिच्या घशाखाली चहासुद्धा उतरला नव्हता.

“माणसाला ताठ बसायला नको?” थोरली म्हणाली. ती नर्स होती, आणि सगळ्या जगाच्या मणक्यांची काळजी तिलाच होती. तिने आईला क्रूझरवर बसवलं. ही ऐसपैस, आरामखुर्चीसारखी. पाय पुढे पसरायचे आणि रमतगमत जायचं. “बघ, कंबर कशी सुखात आहे! मला ड्यूटीवर सोडायला हीच बरी,” असं म्हणून तीही मागे बसली.

“आणि सामान काय डोक्यावर घेणार?” बाबा पुढे सरसावले. बाबा तिच्याच बसचे कंडक्टर, तिच्याआधी निवृत्त झालेले. दोघांचं जमलं तेही बसमध्येच. त्यांनी दोनदा घंटा वाजवायची, मग तिने निघायचं. पुढे संसारही तसाच चालला. त्यांनी टूरिंग बाइक हेरून ठेवली होती. समोर उंच काच, दोन्ही बाजूंना पेट्या, मागे पाठ टेकायला गादी. ते गादीला टेकले मात्र, त्यांचा चेहरा एकदम खुलला. “तू चालव, रस्ता मी सांगतो!”

मग जी जुंपली ती जुंपलीच. धाकटा वेगावर अडून बसला, थोरली कमरेवर, बाबा पेट्यांवर. सेल्समन बिचारा प्रत्येकाला ‘अगदी बरोबर’ म्हणून दमला. आई कुणालाच नाही म्हणाली नाही. हात केलेल्या माणसासाठी थांबायचं, हीच तिची सवय. पण आतून ती धास्तावली होती. ही गाडीसुद्धा यांच्याच मार्गावर धावणार की काय?

तेवढ्यात तिला खांबाआडची ती दिसली. बुटकी, काळी, रुंद हँडलची. आई जाऊन बसली. दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले, पाठ सरळ राहिली, हात आपसूक जागेवर पडले.

“हीच,” ती म्हणाली.

“अगं, पण हिला मागची सीटच नाही!” बाबा म्हणाले.

“अहो, आयुष्यभर माझ्या मागे बसभर माणसं होती. आता मला जरा एकटीने जायचंय. संध्याकाळच्या आत येतेच की परत. आणि तुम्हाला न्यायला घरची स्कूटर आहेच.”

बाबा टूरिंग बाइकवरून हळूच उतरले. त्यांचा चेहरा पडला होता.

सेल्समनने टेस्ट राइडसाठी गाडी फाटकापाशी आणून दिली. आईने हेल्मेट चढवलं, किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं. समोर रस्ता मोकळा होता. पण गाडी काही जागची हलेना.

“घाबरली,” धाकटा पुटपुटला.

“मी सांगत होते,” थोरली म्हणाली.

आई घाबरली नव्हती. ती आरशात बघत होती, आणि आरशात बाबा उभे होते. बाबांनी तिची नजर पाहिली. मग तरातरा फाटकापाशी गेले, आणि बोटातल्या अंगठीने त्यांनी लोखंडावर दोनदा ठोकलं.

टण् टण्.

“जाऊ दे!” ते जोरात ओरडले, आणि पहिल्यांदाच कंडक्टरला थांब्यावर ठेवून ड्रायव्हर निघाली.