किल्लीची पाळी

दोन बॅगा गाडीत गेल्या. तिसरी ओब्दुलिया हातातून सोडेना.

“आई, दे इकडे. अंधाराच्या आत सारागोसा गाठायचंय,” बेगोन्या म्हणाली. ती सकाळीच आईला न्यायला आली होती. कायमचं न्यायला.

“तुला गाठायचंय. मला नाही.”

“परसात दोन तास पडली होतीस! चर्च बघायला कोणीतरी आलं, किल्ली मागायला तुझ्याकडे आलं, म्हणून वाचलीस. दर वेळी नशीब धावून येतं का? आणि गावात आहे कोण? एक तू, एक तो बासिलिओकाका. तो तर तुझ्याशी बोलतसुद्धा नाही.”

हे मात्र खरं होतं. गाव डोंगराच्या उतारावर. वर पडका किल्ला, त्याच्या पायथ्याशी ओब्दुलियाचं घर. खाली पुलापाशी बासिलिओचं. मधली सगळी घरं कुलूपबंद. ह्या दोघांचं मात्र विळ्या-भोपळ्याचं सख्य. त्याच्या शेळ्यांनी तिचा कोबी खाल्ला, तिने शेळ्या दोन दिवस कोंडून ठेवल्या, आणि तो भर चर्चमध्ये तिला चोर म्हणाला. त्याला तेवीस वर्षं झाली. तेव्हापासून दोघं एकमेकांशी एक शब्दही बोललेली नाहीत.

पण चर्चची किल्ली घरोघर फिरायची, ही गावाची रीत. एकेक आठवडा एकेका घराकडे. पूर्वी तीस घरं होती, वर्षातून एकदोनदा पाळी यायची. आता घरं दोन, तेव्हा एका आड एक आठवडा. रविवारी दुपारी किल्ली दुसऱ्याच्या कडीला अडकवायची, दार ठोकायचं, आतून आवाज आला की चालू लागायचं. थंडीत बघायला कुत्रंही येत नाही, पण किल्लीचा रविवार कधी चुकला नाही.

“ती किल्ली आता त्यालाच देऊन टाकू. सांभाळेल एकटा,” बेगोन्या म्हणाली.

“ह्या आठवड्याची पाळी माझी आहे.”

“पाळी काय घेऊन बसलीस!”

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर एक मध्यमवयीन जोडपं उभं होतं. वालेन्सियाहून आलेलं, गळ्यात कॅमेरा, पायात नवे कोरे बूट. त्यांना चर्च बघायचं होतं. बेगोन्या ‘आज बंद आहे’ म्हणणार, इतक्यात ओब्दुलियाने बॅग खाली ठेवली आणि भिंतीवरची वीतभर लांबीची किल्ली काढलीसुद्धा.

ती लंगडत पुढे, मुलगी धुसफुसत मागे. चर्चचं दार तिने खांदा लावून उघडलं. आत खांबांच्या माथ्यावर आठशे वर्षांपूर्वीचं कोरीव काम होतं.

“हा सिंह,” ओब्दुलियाने हात वर केला. “हसू नका. डुकरासारखा दिसतो, ठाऊक आहे. करणाऱ्याने सिंह पाहिला होता कुठे? डुक्कर मात्र रोज बघायचा.”

दोघं खो खो हसली. बेगोन्यालाही हसू आलं आणि लगेच वाईट वाटलं. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आई हे कोणाला सांगणार होती? पण परसात पडलेली आई आठवली की तिचा जीव उडून जायचा. तिने मन घट्ट केलं.

बघून झालं. ओब्दुलिया दाराला किल्ली लावू लागली. नवरा बायकोला म्हणाला, “चल, आधी पुलापाशी थांबू. त्या आजोबांना सांगून मग जाऊ.”

“काय सांगून?” बेगोन्याने विचारलं.

“आजींनी दार उघडलं का ते. चालत कशा होत्या, चेहरा कसा होता, तेही विचारणार आहेत. आम्ही रस्ता विचारायला थांबलो तर म्हणाले, वर जा, किल्ली तिच्याकडे आहे. हाक मारूनही दार नाही उघडलं तर मागून परसात डोकावा, म्हणाले. आणि काहीही असो, मला सांगितल्याशिवाय गाव सोडू नका. अहो, दटावलंच म्हणा ना!”

ती दोघं गेली. बेगोन्याच्या आत्ता ध्यानात आलं. दोन आठवड्यांपूर्वी आई पडली तेव्हा नशीब धावून आलं नव्हतं, कोणीतरी ते धाडलं होतं. तिचे डोळे भरून आले.

“आई, हे तुला माहीत होतं?”

“न माहीत असायला काय झालं? वर आलेली प्रत्येक गाडी जाताना त्याच्या दारात थांबते. मला दिसत नाही होय?”

“मग बोलत का नाही त्याच्याशी?”

“चोर मला तो म्हणाला. आधी त्याने बोलावं.”

बेगोन्याने कपाळाला हात लावला. “बरं. मी जाते त्याच्याकडे. आभार मानते, किल्ली देते, आणि सांगते की आई आता माझ्याकडे सुखात राहील. त्याच्या जिवाचाही घोर जाईल.”

ओब्दुलिया चढावर थांबली. दम खाल्ला.

“त्याच्या पाळीला लोक आधी किल्ला बघायला येतात आणि माझ्याकडे किल्ली मागतात. मी म्हणते, खाली त्याच्याकडे जा, पण गाडी इथेच ठेवा, तिथे लावायला जागा नाही.”

“जागा नाही? त्याच्या दारात कापणीचं यंत्र उभं राहतं!”

“राहतं ना. पण गाडी वर राहिली की ती माणसं परत वर येतात,” ओब्दुलिया म्हणाली. “मी सारागोसाला बसले, तर त्याने दार उघडलं का, हे मला कोण येऊन सांगणार?”