बिराजदार डॉक्टरांचं इंजेक्शन

धडधाकट माणूस आत जायचा आणि दुसऱ्या दिवशी तापानं फणफणत परत यायचा. धम्मप्रियाला सात रस्ता चौकाजवळ बिराजदार डॉक्टरांकडे नर्स म्हणून लागून आठवडा झाला होता. तेवढ्या दिवसांत तिनं असे अकरा मोजले. कुणी मास्तर, कुणी तलाठी, सगळे साधे पापभीरू लोक.

डॉक्टर दार लावून घेत, दंडात सुई खुपसत आणि म्हणत, "उद्या या." उद्या थर्मामीटरमध्ये एकशे दोन. डॉक्टर तो आकडा लिहून घेत आणि वर समाधानानं हसत. असला निर्ढावलेला माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता.

"सर, यांना नेमकं काय देता?" तिनं एकदा विचारलं.

"तू केसपेपर सांभाळ."

गुरुवारी दारात धोंडिराम गुरुजी दिसले, तशी ती पुढं धावली. दुधनीच्या शाळेत यांनीच तिला पाढे शिकवले, नर्सिंगचा फॉर्मही यांनीच भरून दिला.

"गुरुजी, काय होतंय तुमाला?"

"काय न्हाय की, पोरी."

"मग माघारी जावा. हितं सुई घेतली की माणूस आजारी पडतंय. मी डोळ्यानं बघितलंय."

गुरुजींनी इकडंतिकडं पाहिलं. "हळू बोल," एवढंच म्हणून ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी ते शाल पांघरून कुडकुडत आले, तेव्हा तिला रडूच फुटलं. नोकरी गेली खड्ड्यात, म्हणत तिनं आरोग्य खात्याकडे तक्रार ठोकली.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, म्हणतात. पण तिसऱ्याच दिवशी चौकशी अधिकारी प्रभुलिंग साहेब हजर झाले. तिनं बाराही केसपेपर त्यांच्यापुढं मांडले. साहेबांनी एकेक बारकाईनं वाचला.

"सगळ्यांना ताप आला? एकपण सुटला न्हाई?"

"एकपण न्हाई, साहेब."

"टिकला किती?"

"तीन-चार दिवस तरी."

साहेब गंभीर झाले. उठले, केबिनमध्ये शिरले आणि दार लोटून घेतलं. आता डॉक्टरांची काही धडगत नव्हती. धम्मप्रियाला इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. तिनं हळूच दाराच्या फटीला डोळा लावला.

साहेबांनी शर्टाची बाही खांद्यापर्यंत वर सारली होती.

"मास्तर लोकांना दिली तीच द्या, डॉक्टर," ते म्हणत होते. "आता नुसत्या सर्टिफिकेटवर भागत न्हाई, समोर उभं करून थर्मामीटर लावत्यात, आन् परवा माझी निवडणुकीची ड्यूटी हाय."