पलीकडचा काठ

केटुराच्या लेकीला मिसिसिपीपलीकडे, परक्या मुलखात दिलं होतं. आता लेकीचे बाळंतपणाचे दिवस भरले होते, पण परवान्याअभावी चौकीवरच्या एतिएन शिपायानं केटुराला दोनदा काठावरूनच परतवलं होतं. त्या सकाळी धक्क्यावर आरोळी उठली, "फ्रान्सनं पलीकडचा अख्खा मुलूख अमेरिकेला विकला!" लोक टोप्या उडवत नाचू लागले. केटुरानं दुपट्यांची टोपली उचलून नावेत उडीच मारली. "हाण नावाड्या, वल्ही मोडली तरी चालतील!" पलीकडे एतिएननं बंदूक आडवी धरली. "मावशी, परवाना?" "कसला परवाना? हा काठ आता आमचा! विकलाय तुमच्या लोकांनी!" एतिएन गोंधळला. "आधी मी स्पेनचा होतो, मग म्हणाले फ्रान्सचा. आता कुणाचा?" चौकीमागच्या घरातून लेकीची किंकाळी आली. "ते सावकाश ठरव, बाबा!" केटुरा ओरडली. "आधी हात दे, चिखल फार आहे." त्यानं बंदूक टाकून हात दिला.