आप्पांचा कॅमेरा

चुकलेल्याला वाट दाखवणाऱ्यांवरच हे जग उभं आहे. हेमांगी त्यांपैकीच एक. व्हिडिओ गेममधल्या अंधाऱ्या भुयारांत ती वाटा आखायची आणि परदेशातले खेळाडूसुद्धा बिनचूक बाहेर पडायचे. तिचे आप्पा मात्र दोन खोल्यांच्या घरात संडास शोधत गॅलरीत पोचायचे.

विसरण्याचा आजार होता. धोतर ओलं होईल या धास्तीनं आप्पांनी पाणी पिणंच सोडलं होतं.

हेमांगीनं संडासाच्या दारावर ठळक पाटी लावली. "घराची कचेरी केलीस," असं आप्पा पलंगावर पडूनच म्हणाले, आणि उठल्यावर पाटीवरून पुढे गेले, थेट गॅलरीत.

तेव्हा तिला आपलाच धंदा आठवला. वाट आखण्याआधी कॅमेरा, म्हणजे खेळाडूची नजर, कुठे आहे ते बघायचं. आप्पांच्या पाठीला बाक होता. तीही तशीच कमरेत वाकून त्यांच्या पलंगापासून निघाली. दारं दिसेनात, पाटी दिसेना. दिसली फक्त फरशी, आणि तिच्यावर गॅलरीतून आलेला उन्हाचा पट्टा. आप्पा कुठल्याही खेळाडूसारखे उजेडामागे जात होते.

"काय हरवलंय गं तुझं?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही, तुमची वाट बघतेय कुठून जाते ती."

तिनं गॅलरीचा पडदा ओढला आणि संडासाच्या दाराशी, जमिनीलगत, पिवळा दिवा लावला.

आप्पा उठले. घुटमळले. मग दिव्याकडे निघाले आणि नेमके आत पोचले. मागोमाग आलेल्या हेमांगीचे डोळे भरून आले.

आप्पांनी वळून पाहिलं.

"बाळ, आता मला दार लावू दे."