दुर्री, तिर्री, पंजी

साहेबांच्या बंगल्यावर दर दिवाळीत तीन पत्ती रंगायची आणि साहेबांकडून हरण्यात कुलथ्यांचा हात धरणारा ऑफिसात कुणी नव्हता.

यंदा कुलथे साहेबांच्या ग्लासासाठी बर्फ आणायला आत पळाले, तेवढ्यात साहेबांनी जाहीर केलं, "हा डाव मुफलिस! ज्याची पानं सगळ्यात हलकी, तो जिंकला."

परत येऊन कुलथ्यांनी पानं उचलली. दुर्री, तिर्री, पंजी! याहून भिकार पानं नसतात. ते मनातून सुखावले. बाकीच्यांनी पानं टाकली, तरी ते साहेबांना शेवटपर्यंत भिडले.

"मेलो, साहेब!" म्हणत त्यांनी पानं उघडी केली. कुणीच हसेना.

"बारा वर्षांत मला हरवायची हिंमत दाखवणारे तुम्ही पहिलेच," साहेब प्रेमाने म्हणाले. "सिरोंच्याच्या जंगलातल्या शाखेला असाच वाघ हवाय. सोमवारी निघा."