सात नंबर

"जॅकेट काढ, लवकर!" कोच मॅडम माझ्याकडे बघून ओरडल्या.

राष्ट्रीय लीगमध्ये निवड झाली म्हणून गल्लीनं माझा सत्कार केला, आणि अख्खा सीझन मी बेंचवर बसून पाण्याच्या बाटल्या देत होते. आज शेवटची मॅच. एकदाची आठवण झाली म्हणायची! मी जॅकेट काढून बुटांच्या नाड्या आवळल्या.

"आत जाऊन तुझी जर्सी इरावतीला दे. तिच्या जर्सीवर रक्त सांडलंय, पंच खेळू देत नाहीत."

इरावती आमची कॅप्टन, नाकाला रुमाल लावून उभी होती. जादा जर्सी मॅनेजर हॉटेलवरच विसरले होते. मग उतरवली माझी सात नंबरची, आणि नुसतं जॅकेट घालून परत बेंचवर बसले. सात नंबरनं धडाधड बास्केट मारल्या. आम्ही जिंकलो. दातओठ खात मीही टाळ्या वाजवल्या.

बाहेर येते तोच आईचा फोन. "मोबाइलवर तोंडं दिसत नव्हती गं, पण तुझा सात नंबर लगेच ओळखला! काय पळालीस! बाबा गल्लीत पेढे वाटतायत."

मी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. "मलाही एक ठेवा," म्हटलं.