बिजलीचा नवा ठेका

सोनोग्राफी म्हटल्यावर चंदाबाई हरखली. घोडी गाभण आहे हे नवऱ्याने, रामधनने, आपल्यालाही सांगितलं नाही, म्हणून जरा रुसलीसुद्धा. डॉक्टर विजयमालाबाईंनी मशीन बिजलीच्या पुढच्या डाव्या पायाशी नेलं, तेव्हा चंदाबाईला राहवलं नाही.

"म्याडम, पोट वर हाय."

"पायाचीच करायची आहे, काकू. आतलं लिगामेंट पाहू द्या."

घाटंजीच्या अलीकडच्या त्या तांड्यात दुपार पेंगत होती. कडुनिंबाखाली बिजली गुंगीच्या इंजेक्शनाने मान टाकून उभी होती. वरातीत नाचणारी घोडी ती. रामधनने स्वतः शिकवलेली, लेकीसारखी वाढवलेली. परवापासून ती पाऊल टाकायला तयार नव्हती. डॉक्टरांनी पायावरचे केस भादरले, जेल चोपडलं, आणि पडद्यावर पांढऱ्या रेघा उजळल्या. पिंजलेल्या कापसाचे तंतू ताणून धरावेत तशा, एकीला एक लागून. मधोमध एक काळा डाग होता.

रामधन त्या डागाकडे बघतच राहिला. "हे काय हाय?"

"इथे फाटलंय. आजचं नाही, महिनाभराचं असेल. लंगडत नव्हती का?"

"नाही म्याडम." मग तो अडखळला. "महिन्यापासून एक नवा ठेका धरून राह्यली होती. हाच पाय उचले, अलगद टेकवे, पुन्हा उचले. म्या नव्हता शिकवला. उमरखेडच्या वरातीत तं लोकायनं तोच ठेका तीनदा करायला लावला. मले वाटे, घोडी आपल्याच मनानं शिकली."

रामधनला इतकी लाज वाटली, की बिजलीच्या डोळ्यांकडे बघवेना.

"आता नाच बंद," डॉक्टर म्हणाल्या. "आठ-नऊ महिने आराम. या पायावर पुन्हा नाचली, तर उरलेलंही तुटेल. मग उभी राहणंसुद्धा कठीण."

तेवढ्यात दूर रस्त्यावर बँड वाजू लागला. कुणाची तरी वरात निघाली होती. बिजलीचे कान उभे राहिले. गुंगीतच तिचा डावा पाय अलगद वर आला, आणि पडद्यावरच्या रेघा विस्कटून गेल्या.

"म्याडम," रामधनने हळूच विचारलं, "हे नाचनं हाय का दुखनं?"

डॉक्टरांनी मशीन बंद केलं.

रामधन उठला. दोन्ही तळव्यांनी त्याने बिजलीचे कान झाकले, कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं आणि डोळे मिटून उभा राहिला. बँड जवळ आला, वळला, लांब जाऊ लागला. बिजलीचा पाय हळूहळू जमिनीला लागला. धुळीत रामधनचा स्वतःचा पाय मात्र हलतच होता.

चंदाबाई त्या पायाकडे बघत होती.

"तिचे कान तं झाकले," ती म्हणाली. "आता तुमचे कोन झाकन?"